छपराखाली

रात्री अडीचला लिफ्ट उघडते
आणि चौदाव्या मजल्यावरचा जोएल
बगलेत लॅपटॉप धरून खाली येतो.
आई नर्स. रात्रपाळी.
वर भिंती आवाज करतात, म्हणतो,
आणि माझ्या टेबलाचा अर्धा भाग मागून घेतो.

शारजाला, नहदातल्या या इमारतीचा मी नातूर.
मधुसूदन आंब्रे, तालुका गुहागर.
बिल्ल्यावर जागा कमी, म्हणून नुसतं मधु ए.
दिवसभर तोंडात दोन वाक्यं:
पार्किंग भरलंय.
पाणी चारला येईल.

जोएलच्या खेळात एक गाव आहे.
ड्रॅगन पलीकडे डोंगरात, तिथे तो नंतर जाणार.
आधी वेस. वेशीवर शिपाई,
भाला, लोखंडी टोप.
जवळ गेलं की म्हणतो,
‘बाहेर लांडगे आहेत. अंधाराआधी परत ये.’
जोएल दहादा जातो. दहादा लांडगे.

‘त्याला विचार ना, जेवलास का.’
जोएल यादी दाखवतो:
अफवा, काम, सौदा, निरोप.
जेवणाचं कुणी लिहिलेलंच नाही.

मी त्याचे पाय बघत असतो.
पंधरा वर्षं उभ्याने पगार घेतलेला माणूस
दुसरं काय बघणार?
हा भार बदलत नाही. भिंतीला टेकत नाही.
टोप दिला, गुडघे द्यायचे राहिले.

एका रात्री खेळात पाऊस आला.
पाववालीने फळी लावून घेतली,
कुत्रंसुद्धा आत पळालं.
हा तिथेच, निथळत.
दोन पावलांवर छप्पर.
‘अरे, सरक म्हणावं त्याला.’
‘ते ऐकत नाहीत, अंकल. फक्त बोलतात.’

पोरगं जरा गप्प बसलं.
मग आपला वीर, झगा, तलवार, सगळ्या थाटासकट
नेऊन भिडवला शिपायाच्या छातीला
आणि चालतच राहिलं.
शिपाई बोटभर सरकला.
आणखी बोटभर.
बाहेर लांडगे आहेत, बाहेर लांडगे आहेत, म्हणत म्हणत
फजरच्या अजानला पोचला एकदाचा छपराखाली.
आम्ही हळूच टाळी दिली, वरचे लोक झोपलेले.

दुसऱ्या रात्री बघतो तर
शिपाई पुन्हा आपल्या जागेवर.
जोएल ‘हं’ म्हणाला
आणि लागला ढकलायला.
ड्रॅगन अजून जिवंत आहे.

जूनमध्ये आईची पाळी बदलली.
अडीचला लिफ्ट उघडेनाशी झाली.
काचेला बाहेरून घाम, एसीचं पाणी बादलीत,
मी मोजायचो थेंब, मग मोजायचं सोडलं.

सप्टेंबर. शाळा उघडल्या, ऊन काही हटलं नाही.
दुपारी रॅम्पच्या तोंडाशी उभा होतो,
कुणाच्या तरी पाहुण्याची गाडी यायची होती.
बसमधून जोएल उतरला. उंच झालाय.
हाक नाही, काही नाही.
पाठीवर दप्तर, मान खाली,
सरळ येऊन खांदा लावला माझ्या बरगडीला
आणि चालतच राहिला.

एक फरशी.
दुसरी फरशी.

‘पार्किंग भरलंय,’ मी म्हणालो.
पायांखालची फरशी गार लागेपर्यंत
तेच म्हणत राहिलो.