निळं सरबत

शारजा, रोला चौकाच्या मागची गल्ली, तिसरा मजला.
साल शहाऐंशी. जगात तेल स्वस्त झालं
आणि आमच्या घरात गोडेतेल महाग,
हे गणित मला अजूनही मांडता येत नाही.
पप्पांच्या कंपनीनं पाच महिने पगार दिला नव्हता.
अर्ध्या इमारतीवर क्रेन तशीच उभी,
मान वळवून, कुणी हाक मारतंय का बघत.

एका शुक्रवारी पप्पांनी सिनेमा काढायचं ठरवलं.
कॅमेरा कुन्हीमोहम्मदचा, कॅसेटही त्याचीच,
तिच्यावर आधी कुणाचं तरी लग्न होतं.
प्रेक्षक दापोलीचे :
कुमुदआत्या, तिचे दीर,
आणि ज्यांचे पैसे द्यायचे राहिले होते ते सगळे.
विषय : आमचं छान चाललंय.

आईच्या हातात फिलोमिनाआँटीच्या बांगड्या.
सैल. हात खाली केला की गेल्याच,
म्हणून पूर्ण सिनेमाभर आई
कुणाला तरी आशीर्वाद देत असल्यासारखी दिसते.

खाली शेरझमानची टॅक्सी,
टपावरची पाटी टॉवेलनं झाकलेली.
पप्पा उतरतात, दार ऐटीत लोटतात,
टॉवेल पडतो.
पुन्हा उतरतात.
या वेळी शेरझमान सवयीनं
खिडकीतून हात काढून भाडं मागतो.

मग फ्रिज.
आत होतं अर्धं कुबूस आणि एक लिंबू.
आईनं रिकाम्या बाटल्या पाण्यानं भरल्या,
एकीत हळद, एकीत तळाशी उरलेलं व्हिम्टो,
एकीत कपड्यांची नीळ.
“निळं सरबत कोण पितं?” मी विचारलं.
“अरब,” पप्पा म्हणाले, “तू बोलू नको, नुसती हस.”
आई दार उघडते, दिवा लागतो,
रंग झळकतात, देवळातल्या समयांसारखे म्हणणार होते,
पण नाही, औषधाच्या दुकानासारखे.
तेवढ्यात नंदूनं हळदीची बाटली तोंडाला लावली
आणि सरळ कॅमेऱ्यात बघून सांगितलं,
“यात मीठ कमी आहे.”
इथून पुढे चित्र हलतं.
कुन्हीमोहम्मदला मराठी येत नव्हतं,
तरी तोच सगळ्यात जास्त हसला.

महिन्यानं आत्याचं पत्र.
भाड्याच्या व्हीसीआरवर अख्ख्या आळीनं तीनदा पाहिलं.
दिरांना टेपरेकॉर्डर हवा, डबल कॅसेटचा.
वहिनीसारख्या बांगड्या किती तोळ्यांच्या ते कळव.
आणि कुणी येणार असेल तर
थोडं निळं सरबत पाठव.
आई वाचता वाचता जमिनीवर बसली, हसून हसून.
पप्पा हसले नाहीत.
रात्री दिवा मालवल्यावर
अंधारातून त्यांचा आवाज आला, “डबल कॅसेटचा,”
आणि मग आम्ही चौघं कितीतरी वेळ
उशीत तोंड खुपसून.

परवा भाच्यानं ती कॅसेट
अजमानच्या कुठल्याशा दुकानातून फोनवर उतरवून आणली.
माझं वय आता त्या पप्पांहून वीस वर्षांनी जास्त.
पहिल्यांदाच दिसलं :
सीन संपलाय, पप्पा “कट” म्हणालेत,
आणि आई फ्रिजचं दार लावत नाही.
बिलाच्या भीतीनं ऑगस्टभर एसी बंद होता.
ती तशीच उभी, चेहरा आत,
बांगड्या सावरलेला हात वर,
मानेवरचे केस हळूहळू सुटे होत जातात.
पप्पा पुन्हा “कट” म्हणत नाहीत.

मग पडदाभर मुंग्या,
आणि जुनं लग्न परत सुरू होतं.
मलबारकडचं असावं. बिर्याणीची पातेली, अत्तर लावणारे काका,
एक पोरगी बुटाची नाडी बांधतेय.
आम्ही तेही दर वेळी शेवटपर्यंत बघायचो.
एक टकला माणूस गर्दीतून
कॅमेऱ्याला हात करतो.
पप्पा उलट हात करायचे.
कोण होता, कुणास ठाऊक.