एवढासा 'द'

गुरुवारी साडेसहाला लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर
माझा वर्ग भरतो. ग्रिम्सबीत त्या वेळी
चिप्सचं दुकान आणि मी, एवढंच काय ते उघडं असतं.
माणसं मासळीच्या कारखान्यातून थेट येतात,
हात तीनदा धुतलेले,
तरी वह्यांना हॅडॉकचा वास.

फळ्यावर लिहिते : पहिल्यांदा भेटला की 'अ',
दुसऱ्यांदा भेटला की 'द'.
कुणी एक माणूस दारात आला. तो माणूस भिजलेला होता.
शेर्को म्हणतो, आमच्यात हे शब्दाच्या शेपटीला बांधतात.
लेतेब्रहानला पटत नाही ते वेगळंच :
पैसा हे न मोजता येणारं नाम कसं?
मी तर दर शुक्रवारी मोजते. दोनदा.
मी सांगते, नाणी मोजता येतात, नोटा मोजता येतात,
पैसा नाही.
ती जरा थांबते. हे मात्र खरं, म्हणते.

सल्ला मोजायचा नाही, सामान मोजायचं नाही,
आणि पट्ट्यावरून एक जावो की चार हजार,
फिश ते फिशच.

रिमगाउदास खिडकीशी बसतो.
त्याच्या लिथुआनियन भाषेत उपपदं नाहीतच,
त्यामुळे चार वर्षं त्याची वाक्यं अनवाणी आली :
आय पुट नाइफ ऑन टेबल.
मी लाल पेनानं एकेका नामाला चपला घालत बसायचे.
मग नोव्हेंबरात त्याला एकदम सापडलं ते,
आणि त्यानं सगळ्यांनाच घातल्या :
द ग्रिम्सबी, द बुधवार, द मिसेस आउथवेट.
आम्ही हसलो. तोही हसला.
नव्यानं मीठ मिळालेला माणूस चिमूट बघत नाही.

त्याची बायको डांगुओले
हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळीला फरशा पुसते.
तिचं अपेंडिक्स फुटलं तो सोमवार होता.
पहाटे पावणेपाचला यानं आधी कागदावर वाक्य लिहिलं,
बोट ठेवून तपासलं,
मग कॉलिनला, म्हणजे सुपरवायझरला, फोन लावला :
माय वाइफ इज इन द हॉस्पिटल.
कॉलिन म्हणाला, माहीत आहे की, नमस्कार सांग तिला.
सहाला भेटू.

आणि हा गेला.
आठ तास सुरी चालवली.
या देशात असंच असेल, असं त्याला वाटलं.

आजारी माणूस हॉस्पिटलात असतो तो 'द'शिवाय.
कैदी तुरुंगात 'द'शिवाय,
त्याला भेटायला आलेली आई 'द'सकट.
ज्याच्यासाठी इमारत बांधली
त्याला उपपद लागत नाही,
पुसणारीला लागतं.
हे पान चौऱ्याण्णववर आहे.
आम्ही एकसष्टवर होतो.

पुढच्या गुरुवारी तो कागद घेऊन आला.
तक्रार नव्हती. चूक कुठे, एवढंच विचारलं.
घडीवर घडी पडून कागद मऊ झाला होता,
'द'खाली पेन्सिलची बारीक रेघ, माझ्यासारखीच,
बरोबर असलं की मी मारते तशी.

मी खूप वेळ बघत राहिले.
वाक्य बरोबर आहे, म्हणाले.
आदल्या रविवारी बरोबर होतं.
पुढे काय बोलावं ते मला
सदतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
लेतेब्रहाननं थर्मासमधली कॉफी त्याच्यापुढे सरकवली,
कुणी काही बोललं नाही,
खाली लायब्ररीवाली खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती.

मग त्यानं वही उघडली. आज लिहायला एक आहे, म्हणाला.
शी केम, असं लिहून थांबला.
होमच्या आधी काय?
काही नाही.
खरंच काही नाही?
काही नाही, रिमगाउदास.

तरी त्यानं एका बोटाची जागा सोडली
आणि मग लिहिलं.