चारच्या वेगाने

लॅमिंग्टन रोड, तिसरा मजला.
खाली किलोवर कपॅसिटर विकणारे मेहबूबभाई,
वर आम्ही पाचजण आणि खिडकीपाशी एक मशीन,
ज्याला एडविन घोन्साल्विसशिवाय कुणी शिवायचं नाही.

पतपेढ्यांचं व्याज काढणारा आमचा प्रोग्राम
तो सीडीवर चढवायचा.
'चढवतो' म्हटलं की चिडायचा.
'लिहितोय मी. चढवायला तो काय हार आहे?'

लिहिण्याआधी पाहुणे यायचे असल्यासारखं मशीन आवरायचा.
स्क्रीनसेव्हर बंद, अँटीव्हायरस बंद,
नेटवर्कची वायर उपटून स्वतःच्या गळ्यात.
मग वेग चार. आठ जमत असताना चार.
साडेअठरा मिनिटं.
तेवढ्यात कुणी ड्रॉवर आपटायचा नाही,
माऊसला हात नाही,
आणि जाळीच्या लिफ्टचं दार मी उघडं धरून उभी,
म्हणजे ती हलणार नाही, दिवे मान टाकणार नाहीत.

'लेझरला घास कमी पडला की संपलं,' तो म्हणे,
'तो वाट बघत नाही.
आणि त्याच्यापाशी खोडरबर नाही.'

फसलेल्या सीड्या खिडकीत टांगलेल्या.
कबुतरं आधी बिचकली,
मग त्यांत बघून पिसं साफ करू लागली.

एकदा खारकरसाहेब घड्याळ बघत उभे.
माणगावच्या पतपेढीचा माणूस बाकावर, मांडीवर रिकामा डबा,
परळहून त्याची साडेसहाची एसटी.
एडविन लिहिलेलं पुन्हा वाचत होता,
अक्षर न् अक्षर मुळाशी ताडून.
सत्त्याण्णव टक्क्यांवर एक फाईल अडली.
एकच. मदतीची. जी कुणी उघडत नाही.
'जाऊ दे रे. गाण्याच्या सीडीत नाही का चालत?'
'गाण्यात ठिपका गेला तर कान सांभाळून घेतो, साहेब.
प्रोग्रामला कान नसतो.'
आणि त्याने ती दोन्ही हातांनी वाकवली.

कडाका हाडासारखा.
चंदेरी पापुद्रे घरी जाईपर्यंत माझ्या केसांत.
दुसरी लिहिली, चारच्याच वेगाने.
एसटी गेली. तो माणूस आमच्या बाकावर झोपला,
सकाळी चहा पिऊन, काही न बोलता निघाला.

एडविन आता नंदाखालला, सोनचाफ्याच्या कलमांत.
माझ्या खणात त्याची एक डिस्क आहे.
मधल्या पारदर्शक कड्यावर, फक्त तिथेच, बारीक अक्षर :
'३.२. ताडलं. ए.'
शाई वरचा मुलामा खाते, म्हणून तिथे.
काठाकडून काहीतरी तपकिरी आत सरकतंय,
आणि ती वाचणारं यंत्र घरात उरलेलं नाही.

परवा मुलीला फोनवर तिच्या आजोबांच्या गोळ्या सांगितल्या.
सांगून झाल्यावर म्हटलं, आता तू मला सांग.
वैतागली. 'आई, ऐकलं मी.'
तरी सांग.
'सकाळी पांढरी, अर्धी. रात्री...'

अर्धी नव्हे गं.
पुन्हा. सावकाश.