शून्य दशांश चार

कुडचड्याच्या पंपामागं माझी व्हॅन.
दिवसभर नळी खुपसतो धुरांड्यांत,
ताप बघावा तशी.

रोक आला बुलेट ढकलत,
मुद्दाम बंद करून.
मागं गोणपाटात कंपनीचा सायलेन्सर,
अजून चकचकीत.
"पात्रांव, दहा मिनिटं. बदलतो."
पाना माझाच घेतला.

शून्य दशांश चार. पास.
कागदावर आवाजाला रकानाच नाही.
मी प्रिंट काढेपर्यंत
तो पुन्हा उकिडवा,
कंपनीचा उतरवून
त्याचा तो ढोल चढवत.

रात्री पावणेदोनला
पुलावरून तो फुटत जातो.
फळीवरची भांडी सरकतात.
बायको कूस बदलते: कोण हा मेला?
मी सांगत नाही.

हेही सांगत नाही,
की खाणी बंद झाल्यापासून
हा रस्ता फार गप्प आहे.
सात वर्षं मी इथूनच टिपर हाकला,
तांबड्या धुळीत,
फुटक्या सायलेन्सरनं,
आणि शेळपेच्या वळणावर
आई आवाजावरून ओळखून
भात वाढायला घ्यायची.

पुलापलीकडं आवाज विरतो.
मी जागाच.
वैधता सहा महिने.