ड्युटीचा रविवार

पाळीच्या तक्त्यावर माझं नाव होतंच, मार्चपासून,
पेन्सिलीनं. कुणी खोडलं नाही.
म्हणून सकाळी साडेआठला
शेडचं कुलूप काढून मोजत बसलो:
तीन नारिंगी बोया, त्यातली एक हवा धरत नाही,
नांगर, दोर, झेंड्यांची ओलसर पिशवी,
आणि बंदुकीच्या जागी आलेला गॅसचा भोंगा.
(बंदुकीला पलीकडच्या काठावरच्या
इडवालच्या गाभण मेंढ्या बुजायच्या.)

वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे चॅपलच्या अंगानं,
म्हणजे कड्यावर आपटून दोन तुकड्यांत येणारा.
पहिली बोया कुठं टाकायची
यावरून या क्लबात मैत्र्या तुटल्यात.
ग्विलिम रेस्क्यू बोटीतून ओरडतो, "आणखी वर?"
मी हात हलवतो.
त्या हलवण्याचा अर्थ मलाही ठाऊक नाही.
तो टाकतो त्याला टाकायची तिथं.

भरती अकरा चाळीसला. त्यानंतर ही खाडी
पाहुणा उठायच्या आधीच
अंथरूण गुंडाळणाऱ्या घरासारखी.
उशीर परवडत नाही.

चौदा होड्या.
रेषेमागं घिरट्या घालतात,
शिडं फडफडतात, कुणी कुणाला "जागा! जागा!" म्हणतं,
शाळेचे मुख्याध्यापक शिव्या देतात
ज्या शाळेत चालत नाहीत.

पाच मिनिटं: झेंडा वर, भोंगा.
चार: निळा झेंडा वर, भोंगा.
एक: निळा खाली. लांब भोंगा.
मग ते साठ सेकंद, ज्यांत
आठवडाभर गाईगुरांची पोटं तपासणारा मी
वाऱ्याचाही मालक असतो.

तीन, दोन, एक,
आणि दोरी अडकली.
कप्पीत, ओली, फुगलेली, जुनी दोरी.
ओढली, परत ओढली, मग झेंडा आला खाली
तीन सेकंद उशिरा.

त्या तीन सेकंदांत एकच नाक रेषेपलीकडं:
हेलेड, वय बारा, होडी तिच्या मावशीची,
बूड हिरवा, शिडाला ठिगळ.
मी पांढऱ्यावर निळ्या फुलीचा झेंडा चढवला. एक भोंगा.
तिनं वळून पाहिलं. मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं.
पुन्हा माझ्याकडं.
मग काही न बोलता होडी फिरवली,
सगळ्यांच्या खराब वाऱ्यातून मागं आली
आणि एकटीनं नव्यानं सुरुवात केली.

नियम स्पष्ट आहे:
वेळ झेंड्याची धरायची. भोंग्याची नाही,
मनगटाची तर नाहीच.
झेंडा वर होता. ती पुढं होती.
माझं काहीच चुकलं नव्हतं
हे मी पाऊण तास स्वतःला सांगितलं,
वहीत शिडांचे नंबर लिहीत,
शिसं दोनदा मोडून.

ती अकरावी आली.

नंतर चहा, वेल्शकेक, ओल्या बुटांचा वास.
हँडिकॅपचा गुणाकार करताना नेरिस जीभ बाहेर काढते,
तिला कॅल्क्युलेटर आवडत नाही.
हेलेड टेबलाशी आली.
"मिस्टर प्रोबर्ट, तुमचा झेंडा उशिरा पडला."
"हो."
"तीन सेकंद."
"हो."
ती पुढं काय म्हणायचं ते ठरवून आली नव्हती,
मीही.

खणातून फॉर्म काढला, दाद मागण्याचा,
पिवळा पडलेला,
गेली सहा वर्षं कुणी हात न लावलेला.
म्हटलं, लिही. कुणाविरुद्ध, तिथं माझं नाव.
काय घडलं, तिथं जे घडलं ते.
मुख्याध्यापकांनी चहाचा घोट तोंडातच ठेवला.

बराच वेळ लिहीत होती, कोपरानं कागद झाकून,
वर्गात झाकतात तसा.
मग उलटा ठेवून गेली, आईला शीड घडी करायला मदत करायला.

मी तो उघडला तेव्हा पाणी गेलं होतं,
ग्विलिम गुडघाभर चिखलातून
नांगर ओढत होता, नारिंगी बोया
कुशीवर पडून हवा सोडत होती.

तीनच ओळी.
तिसरी अशी: चूक मिस्टर प्रोबर्टची नाही,
दोरी ओली होती.