पुठ्ठा

मटन स्ट्रीटच्या फकरुद्दीन कपासीनं
बटवा माझ्या टेबलावर ठेवला.
तुर्की माल आहे, बाई, जपून.

डाळिंबी मखमल, कडांना टक्कल पडलेलं.
एका अंगाला चंद्रकोर, तिच्या कुशीत तारा,
दुसऱ्या अंगाला फुलदाणी
आणि तिच्यातून वर आलेलं एकच फूल.
"कांद्याचं?" त्यानं विचारलं.
ट्यूलिप, मी म्हटलं.
पण मातीखाली त्यालाही कांदाच असतो,
माणूस अगदीच चुकला नव्हता.

एका पाकळीवरची कलाबतू सुटली होती.
भिंगाखाली चिमट्यानं उचलली:
आत पुठ्ठा, पाकळीएवढाच कापलेला,
सोनं उंच दिसावं म्हणून.
आणि पुठ्ठ्यावर शाई.
अडीच ओळी, उजवीकडून डावीकडे,
कात्रीनं मध्येच तोडलेल्या.

पत्र असेल. कुणाची उधारी असेल.
हाताला लागला तो कागद घेतला असेल तिनं,
किंवा त्यानं;
फूल दिवेलागणीच्या आत पुरं व्हायचं होतं.

फकरुद्दीन वाकला, ओठ हलवत राहिला.
"अक्षरं ओळखीची आहेत," म्हणाला,
"शब्द नाहीत."
खाली गल्लीत कुणी पितळेची घंटा घासत होतं.
मग व्यापारी जागा झाला:
हजार जास्त देतो, काढा बाहेर,
काचेत लावून वेगळा विकू.

मी रेशमाचा दोरा ओवला,
जुन्याच भोकांतून. अकरा टाके.
मखमलीवर श्वास सोडला,
लव जराशी उठली, परत निजली.

मजुरी ठरली तेवढीच.
पावतीपुस्तक संपलं होतं,
मिठाईच्या खोक्याचं झाकण फाडून
त्यावर लिहून दिलं:
एक फूल, शिवून बंद.