एक जादा प

माळ्यावर, मखराच्या थर्माकोलखाली
सहा वर्षं पडून होता.
बॅटरी फुगलेली, बिजागरी एकच शाबूत,
झाकणावर त्या कंपनीचा स्टिकर
जिनं मला एका मंगळवारी
तीन ओळींत घरी पाठवलं.
स्टिकर निघत नाही. नखानं करून पाहिलंय.

तपकीर गल्लीत मुबीननं तो उलटा केला,
कानाशी धरून हलवला, नारळ बघावा तसा.
"भंगारात साडेतीनशे.
जगवायचा तर अठराशे. बॅटरी काढून टाकतो,
वायरवर राहील. या वयात
त्याला कुठं फिरायचंय?"
मी अठराशे दिले.
का दिले, ते घरी नीट सांगता आलं नाही.

आता तो रास्ता पेठेत
सुवर्णा खिलारेच्या गिरणीत बसतो,
कीबोर्डवर प्लास्टिकची पिशवी ताणून.
पीठ तरी आत जातंच.
रविवारी मी पाठ उघडतो, पंखा
दाढीच्या ब्रशनं झाडतो.
आठवड्याचं पीठ निघतं चिमूटभर,
गहू, बाजरी, कुणाची तरी नाचणी,
सगळं एकाच राखाडी रंगाचं.
घरी विचारतात, सुट्टीचा कुठं निघालास?
कामाला, म्हणतो.

पडद्यावर एवढंच:
नंबर, नाव, धान्य, जाडं की बारीक.
पूर्वी बाजरीवर आपले गहू टाकले म्हणून
डबे आपटायचे लोक.
आता पडद्याशी भांडतात.
तो ऐकून घेतो.

मग त्याचा प गेला.
एकाच बटणावर राहायचे दोघं,
प खाली, फ वर;
एका रात्रीत दोघंही.
सकाळी यादीत आलं:
ानसे, गहू, बारीक.
ोळघट, ज्वारी.
रास्ता ेठ, ुणे.
खुंटी उपटल्यावर कपडे
हवेतच लटकत राहावेत
तसे काने, मात्रा, उकार.

पानसे काका चष्मा वर करून म्हणाले,
"एकोणऐंशी वर्षांत माझं काही कुणी
काढून घेतलं नव्हतं. दंतवैद्य सोडून."
उधारीवाले हसले:
फुकट लिहिताच येत नाही हिला!
सुवर्णा म्हणाली, बरंच झालं.

नवा कीबोर्ड नऊशेला.
"नऊशेत माझा गिरणीचा पट्टा येतो," ती म्हणाली,
"तुमच्या घरच्या मशीनमध्ये आहे ना प?
त्यातला एक आणा."

जुन्या यादीतून तिथल्या तिथं
उचलता आला असता.
पण ती 'आणा' म्हणाली होती.
म्हणून पेन ड्राइव्हवर एक प घेऊन
कोथरूड डेपोहून उभ्यानं आलो,
शर्टाच्या खिशावर हात ठेवून,
गर्दीत कुणी मारू नये म्हणून.

आता तो पडद्याच्या कोपऱ्यात असतो.
एक फाइल, आत एक अक्षर.
सुवर्णा दोन बोटांनी उचलते,
दोन बोटांनी ठेवते,
पिठाळ पदराला हात पुसते,
पुढचा डबा घेते.

फ साठी अजून कुणी अडलेलं नाही.

पोपळघट बाईंना मात्र दोन लागतात.
त्या काउंटरवर वाकून नीट मोजतात,
आणि जाताना दर वेळी म्हणतात,
"एक जादा गेला ना माझ्यासाठी?
मांडून ठेव गं. देईन."